वन्य प्राण्यांमधील रोगसाठा

गुराढोरांना होणाऱ्या रोगाचे जंतू ज्या रानटी प्राण्यांमध्ये बाहेरून भर न पडताही पिढ्यानपिढ्या टिकून राहतात, ते प्राणी त्या रोगाचा साठा मानले जातात. एखाद्या हरणाच्या शरीरात जंतू सापडले, एवढ्यावरून हरीण साठा ठरत नाही. पुष्कळदा त्याला गुरांकडूनच लागण झालेली असते, आणि गुरांमधला रोग हटला की रानातलाही विझत जातो. रोगनियंत्रणाचे बरेच वाद या फरकाशीच येऊन अडतात.

सर्वाधिक अभ्यास झाला आहे तो गोवंशीय क्षयरोगाचा (जंतू : मायकोबॅक्टेरियम बोव्हिस). ब्रिटन व आयर्लंडमध्ये बॅजर (बिळात टोळीने राहणारा सस्तन प्राणी), अमेरिकेच्या मिशिगन राज्यात पांढऱ्या शेपटीचे हरीण आणि स्पेनमध्ये रानडुक्कर त्याचा साठा आहेत. न्यूझीलंडमध्ये तो पॉसममध्ये (पोटाला पिशवी असलेला झाडावरचा प्राणी) आहे. हा प्राणी एकोणिसाव्या शतकात फरसाठी ऑस्ट्रेलियातून तिथे नेऊन सोडला गेला. खुद्द मायदेशी मात्र तो या रोगाचा साठा नाही. म्हणजे केवळ जात पाहून भागत नाही; प्राण्यांची दाटी आणि गुरांशी येणारा संबंधही पाहावा लागतो. मिशिगनमध्ये तर शिकारीसाठी माणसांनीच चारा टाकून हरणांची गर्दी जमवली होती.

साठा मारून टाकणे हा उपाय दिसतो तितका सरळ नाही. ब्रिटनमध्ये क्षयग्रस्त बॅजर प्रथम 1971 मध्ये ग्लॉस्टरशायरमध्ये आढळला. पुढे 1998 ते 2005 या काळात मोठी चाचणी झाली. बॅजर मारलेल्या क्षेत्रात गुरांमधला रोग घटला, पण लगतच्या पट्ट्यात तो वाढला. टोळ्या विस्कटल्याने उरलेले बॅजर दूरवर भटकू लागले, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. बॅजरांना बीसीजी लस टोचण्याचा मार्गही तिथे वापरला जातो.

ब्रुसेलोसिस, म्हणजे सांसर्गिक गर्भपात, याची कथा उलटी सुरू होते. अमेरिकेतल्या यलोस्टोन परिसरातील बायसनांना (गव्यासारख्या रानटी गुरांना) तो मुळात पाळीव गुरांकडून लागला. 1917 मध्ये तो तिथे नोंदला गेला. गाभडलेला गर्भ किंवा वार चाटल्याने तो पसरतो. पशुपालकांचा रोष दीर्घकाळ बायसनांवर राहिला, पण अलीकडे गुरांना झालेल्या लागणींचा जनुकीय माग एल्क हरणांपर्यंत पोहोचतो.

लेप्टोस्पायरोसिसचा साठा मुख्यतः उंदीर-घुशींमध्ये असतो. जंतू त्यांच्या मूत्रपिंडात राहतात आणि लघवीवाटे पाणी व चारा दूषित करतात.