गरमीची टेस्ट, पण शोधते भलतंच

मागे एका मित्राचा रात्री अकराला फोन आला, आवाज पार बसलेला. बायको तीन महिन्यांची गरोदर, नेहमीच्या रक्ततपासणीत व्हीडीआरएल 'रिॲक्टिव्ह १:२' आलं, सासूबाईंनी रिपोर्ट मोबाईलवर शोधून पाहिला आणि दोन दिवस घरात कोणी कोणाशी बोलेना.

तर व्हीडीआरएल म्हणजे सिफिलिसची, शरीरसंबंधातून पसरणाऱ्या, आपल्याकडच्या गरमीची रक्ताची टेस्ट. पण गंमत अशी की ही टेस्ट गरमीच्या जंतूला ओळखतच नाही! १९०६ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ वासरमानने गरमीची पहिली टेस्ट केली तेव्हा रक्तातल्या अँटिबॉडी पकडायला गरमी झालेल्या अर्भकाचं यकृत वापरलं, त्यात जंतू खच्चून भरलेले म्हणून. मग कळलं की निरोगी यकृतानेही टेस्ट तशीच होतेय, बैलाच्या हृदयानेही होतंय. म्हणजे जंतूचा काही संबंधच नाही? १९४१ मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञ मेरी पँगबॉर्नने बैलाच्या हृदयातून अँटिबॉडी ज्याला धरतात तो पदार्थ वेगळा काढला, कार्डिओलिपिन. हा आपल्याच पेशींच्या मायटोकाँड्रियात असणारा स्निग्ध पदार्थ. जंतू पेशी फोडतो, कार्डिओलिपिन बाहेर सांडतं, शिवाय जंतूच्या अंगावरही तसलेच स्निग्ध पदार्थ असतात, म्हणून शरीर त्याविरुद्ध अँटिबॉडी बनवतं आणि टेस्टमध्ये त्या अँटिबॉडी कार्डिओलिपिनच्या कणांना धरून बारीक गुठळ्या करतात. रक्तातला सीरम निम्मा निम्मा पातळ करत जायचं, १:२, १:४, १:८, जिथपर्यंत गुठळ्या दिसतात तो टायटर.

आता पेशी काय फक्त गरमीतच फुटतात का? मलेरिया, कुष्ठरोग, ल्युपस (शरीर स्वतःवरच उलटतं तो आजार), कधी नुसतं गरोदरपण, यातही टेस्ट रिॲक्टिव्ह येते, बहुतेकदा टायटर १:८ पेक्षा कमी. म्हणून जंतूच्याच अँटिबॉडी शोधणारी टीपीएचए करायची. ती एकदा पॉझिटिव्ह आली की उपचारानंतरही बहुधा आयुष्यभर तशीच राहते, त्यामुळे औषध लागू पडलं का हे बघायला परत व्हीडीआरएलच, १:३२ चं १:८ झालं की समाधान.

उलटंही होतं. गरमीची पहिली जखम नुकतीच झालेली असताना टेस्ट निगेटिव्ह येऊ शकते. ती जखम दुखत नाही, काही आठवड्यांत आपोआप भरते, जंतू मात्र आतच राहतो. एसटी स्टँडच्या भिंतीवरच्या 'गुप्तरोगावर खात्रीशीर इलाज' वाल्यांचा धंदा यावरच चालतो, पुडीचं क्रेडिट फुकट. खरा इलाज सुरुवातीच्या काळात बेंझाथिन पेनिसिलिनचं २४ लाख युनिट, एकदाच, आणि जोडीदाराचीही तपासणी. सरकारी दवाखान्यातल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये हे सगळं फुकट होतं.

वहिनींचं टीपीएचए निगेटिव्ह आलं. मित्र आता सासूबाईंना कार्डिओलिपिन कसं समजवायचं या विचारात आहे.