नकाशात उतार हिरवा, म्हणून झाड जगेल?

लागवडीआधी एखादं झाड कुठे वाढू शकेल, याचा अंदाज प्रजाती-वितरण मॉडेलने बांधतात. ‘त्याच्या नकाशात उतार हिरवा, म्हणजे योग्य, आला, की तिथे ते झाड जगणारच’ हा समज चुकीचा आहे. मॅक्सेंट हे असं मॉडेल बनवणारं सॉफ्टवेअर. ते झाड आढळल्याची नोंद असलेल्या जागांची बाकीच्या भूभागाशी, म्हणजे पार्श्वभूमीशी, तुलना करून फक्त सापेक्ष योग्यता (इतर जागांच्या मानाने किती योग्य) सांगतं. ०.८ आलं म्हणजे शंभरातली ऐंशी रोपं जगतील, असं नव्हे.

खरा घोळ मॉडेलला पुरवलेल्या थरांत, म्हणजे माहितीच्या नकाशांत असतो. वर्ल्डक्लिम या जागतिक हवामान डेटासंचाचे १९ जैवहवामान थर (तापमान-पावसावरून काढलेले) अगदी बारीक घेतले तरी साधारण १ किमीच्या चौकोनाचे. त्या एका चौकोनात घळ, उघडा कातळ आणि गाळ साचलेला खोलगट भाग असं सगळं मावतं. मॉडेलला ते एकसारखंच. म्हणून ३० मीटरच्या उंचीच्या डेटावरून उतार आणि त्याची दिशा काढून जोडा. मातीची खोली मात्र सळई ठोकूनच मोजा. जुन्या नोंदी माती शाबूत असतानाच्या असतील, तर मॉडेल आज नसलेल्या उताराबद्दल बोलतंय.

नोंदी रस्त्याकडेला दाटतात, तेव्हा तुलनेसाठी पार्श्वभूमीतून घ्यायचे १०,००० पार्श्वबिंदूही त्याच कलाने निवडा. पडताळणीसाठी बिंदू सरमिसळ न करता भूभागाचे सलग तुकडे वेगळे ठेवा, नाहीतर एयूसी (मॉडेल योग्य जागा किती नीट ओळखतं याचा गुण) उगाच फुगतो. आणि लागवड साधली का, हे कळायला उतारावर चौकटी आखून जगलेली आणि आपसूक उगवलेली रोपं मोजावीच लागतात.