सौरकंपने व सूर्याच्या अंतरंगाची प्रतिमाने

सूर्याच्या दीप्तिगोलाचे (डोळ्यांना दिसणाऱ्या पृष्ठाचे) भाग सुमारे पाच मिनिटांच्या आवर्तकालाने वरखाली होत असतात. या कंपनांच्या वारंवारतांवरून अंतरंगाची सैद्धांतिक प्रतिमाने (गणिताने मांडलेली चित्रे) पडताळणारी शाखा म्हणजे सौरकंपविज्ञान. रॉबर्ट लेटन व सहकाऱ्यांनी अमेरिकेतील मौंट विल्सन वेधशाळेत लावलेल्या या शोधाचे वर्ष कोठे 1960, तर कोठे 1962 दिलेले आढळते. सविस्तर निबंध 1962 चा आहे. ही कंपने म्हणजे पृष्ठाखाली कोंडलेले ध्वनितरंग होत, असे रॉजर अल्रिच (1970) आणि लीबाकर व स्टाइन (1971) यांनी स्वतंत्रपणे सुचविले. डॉयबनर यांच्या 1975 मधील निरीक्षणांनी त्यास पुष्टी मिळाली.

आत जाणारा तरंग वाढत्या तापमानामुळे वाकून परत फिरतो. तो किती खोलवरून फिरतो हे प्रत्येक कंपनप्रकाराचे वेगळे असल्याने ध्वनिवेग थराथराने काढता येतो. वेग बदलण्याची तऱ्हा जेथे एकाएकी पालटते तेथे संनयन पट्ट्याचा, म्हणजे तप्त वायू वरखाली होऊन उष्णता वाहून नेतो त्या बाहेरच्या थराचा, तळ. तो केंद्रापासून 0.713 सौरत्रिज्येवर, म्हणजे पृष्ठाखाली सुमारे 2 लाख किमी.वर आहे. दीप्तिगोलाच्या वर्णपटात न दिसणाऱ्या हीलियमचे पृष्ठालगतचे प्रमाणही असेच मिळाले: वस्तुमानाच्या सुमारे 25 टक्के. या दोन्ही मापनांत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील एच. एम. अंतिया यांनी सर्वाणी बसू यांच्यासह केलेले काम महत्त्वाचे आहे. हीलियम हळूहळू खाली बसतो, हे गणितात धरल्याखेरीज प्रतिमाने जुळत नाहीत.

जड (हायड्रोजन व हीलियमहून जड) मूलद्रव्यांचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. 1998 मध्ये त्यांचे हायड्रोजनशी वस्तुमानी गुणोत्तर 0.023 मानले जाई व प्रतिमानांतील ध्वनिवेग निरीक्षणाशी अर्ध्या टक्क्याच्या आत जुळे. आस्प्लुंड व सहकाऱ्यांनी 2005 मध्ये, वातावरणाच्या त्रिमितीय गणितावरून, ते 0.0165 वर आणले आणि जुळलेले बिघडले: संनयन पट्ट्याचा तळ 0.73 च्या आसपास येऊ लागला. अमेरिकेतील सँडिया प्रयोगशाळेत 2015 मध्ये लोहाची अपारदर्शकता (प्रारणाला होणारा अडथळा) गणितापेक्षा बरीच अधिक भरली. तरी प्रतिमाने पुन्हा जुळण्यास लागणारी अपारदर्शकतेतील वाढ तिने निम्मीच भरून निघते. 2022 मधील एका फेरविश्लेषणाने गुणोत्तर पुन्हा 0.0225 वर नेले, पण ते सर्वमान्य नाही. दोष कंपनांच्या मापनात नसून मूलद्रव्यांच्या प्रमाणात किंवा अपारदर्शकतेत असावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

सौरकंपनांवर जवळजवळ अखंड लक्ष ठेवता यावे म्हणून 1995 मध्ये गाँग हे जगभर पसरलेल्या सहा निरीक्षण स्थानकांचे जाळे सुरू झाले. उदयपूर त्यांपैकी एक. गाभ्याची माहिती देऊ शकणारी गुरुत्वकंपने (ध्वनितरंगांहून वेगळी, उत्प्लावनामुळे होणारी कंपने) सापडल्याचे दावे अधूनमधून झाले, त्यांना निर्विवाद मान्यता मिळालेली नाही.