आउअरबाख यांच्याकडे पुस्तकंच नव्हती?

जर्मन साहित्य-अभ्यासक एरिख आउअरबाख यांनी 'मिमेसिस' हा पाश्चात्त्य साहित्यातल्या वास्तवचित्रणावरचा गाजलेला ग्रंथ इस्तंबूलमध्ये पुस्तकांविना, निव्वळ आठवणीवर लिहिलं, ही कथा साहित्याच्या अभ्यासकांत वर्षानुवर्षं फिरतेय. ऐकायला झकास, पण खरी नाही. ज्यू म्हणून नाझी जर्मनीत मारबुर्गमधलं त्यांचं रोमान्स (म्हणजे लॅटिनपासून निघालेल्या फ्रेंच, इटालियनसारख्या) भाषांचं प्राध्यापकपद १९३५ मध्ये गेलं आणि १९३६ पासून ते इस्तंबूल विद्यापीठात शिकवू लागले, एवढं खरं. तिथली ग्रंथालयं अपुरी होती, हे त्यांनीच ग्रंथाच्या शेवटी लिहिलंय. 'अपुरी'चं 'नव्हतीच' नंतरच्यांनी केलं! इस्तंबूलच्याच गलाता भागातल्या डॉमिनिकन या ख्रिस्ती पंथाच्या मठात लॅटिन ख्रिस्ती धर्माचार्यांच्या लेखनाची मिन्य यांनी छापलेली प्रचंड ग्रंथमाला होती. पोपचे प्रतिनिधी रोंकाल्ली (हेच पुढे पोप तेविसावे जॉन) यांनी ती आउअरबाख यांना खुली करून दिली. शिवाय ग्रंथातली बहुतेक प्रकरणं मूळ भाषेतल्या लांबलचक उताऱ्यांनी सुरू होतात. जुन्या फ्रेंचमधलं 'रोलां'चं मध्ययुगीन वीरकाव्य असं ओळीच्या ओळी कोण आठवून लिहील?