‘सर्वाधिक शोधलेल्या बातम्या’: यादी नेमकं काय मोजते?

“वर्षभरात लोकांनी सर्वात जास्त लक्ष दिलेल्या बातम्या” म्हणून डिसेंबरात गूगलवरच्या ट्रेंडिंग शोधांची यादी फिरते. तसा समज होणं स्वाभाविक आहे, पण तिचा क्रम एकूण शोधांवर नसतो. गेल्या वर्षीपेक्षा शोध किती उसळले, यावर तो ठरतो. म्हणून रोज शोधलं जाणारं ‘हवामान’ तिथे सहसा दिसत नाही.

पडताळायला गूगल ट्रेंड्स (कोणता शब्द किती शोधला गेला हे आलेखात दाखवणारं गूगलचं संकेतस्थळ) उघडा. भारत आणि मागील 12 महिने निवडून यादीतली बातमी व ‘हवामान’ एकाच तुलनेत टाका. वेगवेगळं पाहिलंत तर फसाल: 100 हा त्या आलेखाचा उच्चांक असतो, शोधांची संख्या नव्हे, त्यामुळे दोन्ही 100 गाठतात. ‘शोध शब्द’ऐवजी ‘विषय’ निवडा, नाहीतर देवनागरी आणि रोमन स्पेलिंग वेगळी मोजली जातात. पेपरात वाचलेली, टीव्हीवर पाहिलेली बातमी तर यात येतच नाही.