रुग्णालय कर्मचाऱ्यांचे सामायिक कल्याण (नागपूर)

डॉक्टर, परिचारिका, तंत्रज्ञ, वॉर्डबॉय व सफाई कामगार यांच्या आरोग्याची आणि सुरक्षिततेची सोय परिसरातील रुग्णालयांनी मिळून करण्याची कल्पना. नागपुरात तिला शहराच्या घडणीमुळेच महत्त्व येते. एकीकडे मेडिकल, मेयो आणि मिहानमधील एम्स ही सरकारी रुग्णालये; दुसरीकडे धंतोली-रामदासपेठेत दाटीवाटीने उभी असलेली खासगी रुग्णालये. विदर्भाबरोबर मध्य प्रदेशातील छिंदवाडा, शिवनी, बालाघाटचे रुग्णही येथेच येतात. ताण सर्वांवरच असतो, तो पेलण्याची ऐपत मात्र सारखी नसते. पंधरा-वीस खाटांच्या नर्सिंग होमला स्वतःचा समुपदेशक किंवा पाळणाघर परवडत नाही.

एकत्र येण्याचा नमुना आधीच रुळलेला आहे, तो कचऱ्याचा. जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ नुसार ७५ किलोमीटरच्या आत सामायिक प्रक्रिया केंद्र असल्यास रुग्णालयाला स्वतःचे उभारता येत नाही. त्याच नियमांत कर्मचाऱ्यांना व कचरा हाताळणाऱ्यांना हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देणे, तसेच रुजू होताना व पुढे वर्षातून किमान एकदा आरोग्य तपासणी करणे बंधनकारक आहे. कचऱ्याची गाडी वेळेवर येते. लसीच्या नोंदीला तेवढी शिस्त क्वचितच लाभते. हिपॅटायटिस बीचे तीन डोस सहा महिन्यांत पूर्ण होतात, आणि तेवढ्यात सिस्टरने नोकरी बदललेली असू शकते. सर्व रुग्णालयांनी मानलेले एकच कार्ड असेल तर उरलेला डोस नव्या ठिकाणी घेता येतो.

सामायिक व्यवस्थेची खरी कसोटी लागते ती रात्री कर्मचाऱ्याला वापरलेली सुई टोचल्यावर. जखम दाबून रक्त काढायचे नाही. साबण आणि वाहत्या पाण्याने धुवायची आणि लगेच प्रभारींना कळवायचे. एचआयव्ही प्रतिबंधक औषध शक्यतो २ तासांत, उशिरात उशिरा ७२ तासांत सुरू करावे लागते आणि २८ दिवस घ्यावे लागते. लहान रुग्णालयात ते नसेल तर कुठे जायचे, ड्युटी कोण सांभाळणार, हे आधीच ठरलेले हवे. ठरलेले नसले की सकाळच्या हँडओव्हरपर्यंत थांबले जाते.

समुपदेशनाच्या बाबतीत तर सहकार्य हाच चांगला पर्याय ठरतो. आपल्याच रुग्णालयातील मानसोपचारतज्ज्ञासमोर मन मोकळे करायला निवासी डॉक्टर कचरतात. बाहेरचा, व्यवस्थापनाला अहवाल न देणारा समुपदेशक त्यांना जवळचा वाटतो. ‘टेलि-मानस’ची १४४१६ ही मानसिक आरोग्यासाठीची मोफत सरकारी फोनसेवा २०२२ पासून आहे, पण ड्युटीच्या वेळापत्रकावर तिचा काही इलाज नाही.

डॉक्टर-कर्मचाऱ्यांवरील हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्रात २०१० चा कायदा असून त्यात तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या रुग्णालयात ड्युटीवरील महिला डॉक्टरवर बलात्कार करून तिची हत्या झाली, त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांच्या सुरक्षेसाठी राष्ट्रीय कृतिदल नेमले. गल्लीतल्या रुग्णालयांना मात्र सामायिक रखवालदार आणि रात्रीची वाहनसोय अधिक उपयोगी पडते. मे महिन्यात दुपारी दोनच्या पाळीला स्कूटीवरून येणाऱ्यांसाठीही हेच वाहन कामाचे.

पाळणाघराला कायद्याचा थेट आधार आहे. मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना ते सक्तीचे झाले, सामायिक चालवण्याची मुभाही मिळाली. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये अनेक आस्थापनांनी खर्च वाटून घेण्याची स्पष्ट तरतूद आहे. धंतोलीतील बरीच नर्सिंग होम पन्नासच्या आतली, त्यामुळे तिथे सर्व काही मालकांच्या इच्छेवर. शिवाय संध्याकाळी सहाला कुलूप लागणारे पाळणाघर नाईट असलेल्या सिस्टरच्या काहीच कामाचे नाही.