पासिंगआधीचा धुराचा दाखला

नवी गाडी घेताना शोरूममध्ये मिळणाऱ्या कागदांत एक ‘फॉर्म २२’ असतो. सह्या करण्याच्या गडबडीत तो कुणी वाचत नाही. ही गाडी प्रदूषणाच्या आणि सुरक्षिततेच्या नियमांत बसते, असं कंपनी त्यात लिहून देते; त्याशिवाय आरटीओत पासिंग होत नाही. पंपावरची पीयूसी वेगळी, ती रस्त्यावरच्या गाडीची जुजबी तपासणी. फॉर्म २२ च्या मागे त्या मॉडेलची खरी परीक्षा असते. पुण्यात वेताळ टेकडीवरच्या ‘एआरएआय’सारख्या संस्थेत गाडी रोलरवर चढवतात. चाकं जागच्या जागी फिरतात, ठरलेल्या क्रमाने वेग वाढवतात-कमी करतात, आणि नळीतून निघालेला धूर पिशव्यांत भरून तपासतात.

हे सगळं जेमतेम साडेतीन दशकांतलं आहे. पेट्रोल गाड्यांना पहिल्या मर्यादा १९९१ मध्ये आल्या, डिझेलला १९९२ मध्ये. १ एप्रिल १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणारं उपकरण, सक्तीचा झाला. शिशाने तो निकामी होतो, म्हणून शिसेविरहित पेट्रोलही तेव्हाच आणावं लागलं.

नोंदणीलाच हात घातला तो सर्वोच्च न्यायालयाने. पर्यावरणाच्या प्रश्नांवर लढणारे वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर २९ एप्रिल १९९९ ला आदेश झाला: दिल्ली राजधानी परिसरात १ जूनपासून युरो-१ (युरोपातल्या धुराच्या मर्यादांच्या धर्तीवरचा टप्पा) आणि १ एप्रिल २००० पासून युरो-२ मध्ये बसणाऱ्या खासगी गाड्यांचीच नोंदणी.

देशभर मात्र नियम टप्प्याटप्प्याने, शहरं निवडून लागू होत गेले, कारण स्वच्छ इंधन सगळीकडे नव्हतं. हे टप्पे म्हणजे ‘भारत स्टेज’, थोडक्यात बीएस. बीएस-३ च्या डिझेलमध्ये गंधक ३५० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत ३५० भाग) चाले, बीएस-४ मध्ये ५०, बीएस-६ मध्ये १०. बीएस-४ साठी २०१० मध्ये निवडलेल्या शहरांत मुंबई, पुण्याबरोबर सोलापूरही होतं. पण गावोगावचं डिझेल भरणारे लांब पल्ल्याचे ट्रक बीएस-३ च राहिले आणि तेच ट्रक या शहरांतून धूर सोडत जात. शहराच्या हद्दीवर हवा थांबत नाही, हे धोरण आखणाऱ्यांनी फार उशिरा मनावर घेतलं.

नियमात आणखी एक पळवाट होती. मुदत ‘उत्पादना’ला होती, म्हणून आधी बनवून ठेवलेला माल नंतरही विकता येई. २०१७ मध्ये कंपन्यांकडे अशा सुमारे ८.२४ लाख बीएस-३ गाड्या पडून होत्या. २९ मार्चला न्यायालयाने सांगितलं, १ एप्रिलपासून विक्रीही नाही, नोंदणीही नाही. पुढचे दोन दिवस दुचाकींच्या शोरूमबाहेर सवलतीसाठी रांगा लागल्या. माझ्या मते या सगळ्या प्रवासातला हाच सर्वांत मोठा बदल. गाडी कधी बनली याला महत्त्व उरलं नाही, ती रस्त्यावर कधी येते याला आलं. २०२० मध्ये बीएस-५ गाळून थेट बीएस-६ आलं, तेव्हाही हाच निकष टिकला. टाळेबंदीमुळे उरलेल्या बीएस-४ गाड्यांपैकी दहा टक्के विकण्याची मुभा न्यायालयाने दिली होती. तिच्यापलीकडे विक्री झाल्याचं दिसताच ८ जुलैला न्यायालयाने तो आदेश मागे घेतला.

परदेशातून येणाऱ्या जुन्या गाडीचं गणित वेगळं, कारण तिच्यासाठी इथल्या कुणा कंपनीने हमी दिलेली नसते. २००१ मध्ये आयातीवरचे निर्बंध उठले तेव्हा त्यासाठी कडक अटी घातल्या गेल्या: गाडी तीन वर्षांहून जुनी नको, स्टिअरिंग उजवीकडे हवं, उतरवायची ती मुंबई बंदरातच. अमेरिकेतून किंवा आखातातून परतणाऱ्यांची वापरातली गाडी स्टिअरिंगच्या अटीवरच अडते. बाकीच्यांना आधी परदेशात तपासणीचा दाखला घ्यावा लागतो आणि इथे उतरल्यावर गाडी पुन्हा चाचणीला न्यावी लागते. त्यासाठी नेमलेल्या तीन संस्थांपैकी दोन महाराष्ट्रातल्या, पुण्याची एआरएआय आणि नगरची (आता अहिल्यानगर) व्हीआरडीई ही संरक्षण खात्याची वाहन-संशोधन संस्था; तिसरी मध्य प्रदेशात बुधनीला.